मेलेली माणसं भाडं भरत नाहीत

ऑस्टरफेल्ड, मॅनिटोबा
८ फेब्रुवारी १९९९

कॉर्नी,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुझं असावं, असा आपला माझा अंदाज. जाड कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘ब्रॅमविक सिस्टिम्स, टोरांटो’, सुरुवातीला ‘माननीय श्रीमती वीब’ आणि खाली ‘आपला विश्वासू, सी. जे. हार्म्स, उपाध्यक्ष, कंपनी-खरेदी’. तू सहा वर्षांचा असताना डुकरांच्या हौदात पडलास, तेव्हा तुला पंपाखाली धरून धुणारी माननीय श्रीमती वीब मीच का, तेवढं कळव. मावशीला एकच कॉर्नेलियस आहे, म्हणून विचारते.

तू लिहितोस, ‘प्लॉटबुक’ विकणार का? नाही.

तुला सगळं माहीत आहे, पण तुझ्या वरच्या साहेबांना सांग. माझा नवरा एब आणि त्याचा मित्र मर्विन यांनी १९८० साली इथल्या बंद पडलेल्या लोणी कारखान्यात बसून हा प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या रांगेत कोण निजलंय, कुणी कुठली जागा घेऊन ठेवलीय, कुणाला कुणाशेजारी हवंय आणि कुणाला कुणाशेजारी मेलं तरी नकोय, एवढंच तो सांगतो. आज चारशे बारा दफनभूम्या तो वापरतात, नॉर्थ डकोटापर्यंत. आम्ही पाच माणसं. फोन एल्फ्रिडा उचलते नाहीतर मी. चार वर्षांपूर्वी एब गेला तेव्हा त्याची नोंद मीच टाइप केली. रांग चौदा, जागा सहा. सात माझी.

तुझ्या पत्रात आहे, ‘आमच्या विस्तृत कुटुंबाचा तुमच्या ग्राहकांना लाभ होईल.’ माझ्या ग्राहकांचं कुटुंब पुरेसं विस्तृत आहे, आणि बहुतेक सगळं आडवं आहे.

ईमेल पाठवू नकोस. कुठलं बटण दाबायचं हे मी एकोणीस वर्षं लोकांना सांगतेय. नातेवाइकांशी बोलताना तरी मला बटणं नकोत.

लिओना


टोरांटो
१९ फेब्रुवारी

लिओना,

ते पत्र सेक्रेटरीनं टाइप केलं होतं. हे मी घरी बसून हातानं लिहितोय, कारण ऑफिसातून निघणारं प्रत्येक अक्षर वकिलांच्या नजरेखालून जातं. पंपाचं पाणी फार गार होतं, हे मला आजही आठवतं.

तू नाही म्हणशील हे टली साहेबांना मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, “पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात.” डेस्मंड टली म्हणजे आमचे मालक. पूर्वी गालिचे विकायचे. नऊ वर्षांत त्यांनी एकसष्ट कंपन्या विकत घेतल्या. गाईंच्या दुधाच्या नोंदी ठेवणारी, जनावरांच्या दवाखान्यांची, बोटींच्या धक्क्यांची, बोलिंगच्या क्लबांची, चर्चच्या गायनवह्यांची सुद्धा. आम्ही स्वतः काहीच बनवत नाही. या इमारतीत तीनशे माणसं आहेत आणि त्यातल्या एकालाही प्रोग्रॅम लिहिता येत नाही. नवी कंपनी आली की साहेब जहाजावरची पितळी घंटा वाजवतात आणि सगळ्यांना केक मिळतो. माझं पोट त्याचंच आहे.

पण गमतीचा भाग सोड. तू त्रेसष्ट वर्षांची, मर्विन सहासष्ट. उद्या तुम्ही दोघं दमलात तर या चारशे बारा जागांचं कोण बघणार? नाव तेच राहील, माणसं तीच, फोन तोच. मी उपाध्यक्ष आहे. माझ्या मावसबहिणीच्या कंपनीला मी हात लावू देईन का?

एकदा आमची माणसं येऊन बघून जाऊ देत. जेवायला घाल आणि हाकलून दे, हवं तर.

कॉर्नी


ऑस्टरफेल्ड
२२ मार्च

कॉर्नी,

तुझे तीन प्रतिनिधी मंगळवारी येऊन गेले. मार्चमधल्या बर्फात पातळ तळव्यांचे बूट. पहिला गाडीतून उतरला आणि थेट बसलाच. दुसरा त्याला उठवायला गेला आणि त्याच्या शेजारी बसला. तिसरा शहाणा निघाला, तो एल्फ्रिडा दोरी घेऊन येईपर्यंत गाडीतच थांबला.

चीज भरून व्हेरेनिके उकडले होते, वर सायीचा रस्सा, सोबत सॉसेज. जेवताना बारक्या चष्मेवाल्यानं वही काढली. “वर्षाला किती ग्राहक तुम्हाला सोडून जातात?”

मर्विन म्हणाला, “आमच्याकडे एकदा आलेला परत जात नाही.”

त्यानं ते लिहून घेतलं.

मग त्यानं दोन हजार सालाचं काढलं. जगभरच्या यंत्रांत वर्षाचे दोनच आकडे आहेत, एक जानेवारीला सगळं कोसळणार, तुमची तयारी काय? मर्विननं सांगितलं, “आमची माणसं अठराशे चाळीस सालात जन्मलेली. पहिल्या दिवसापासून चार आकडे ठेवावे लागले.” त्या माणसानं चष्मा काढून पुसला. एकसष्ट कंपन्यांत त्याला असं कुणी भेटलं नव्हतं म्हणे.

मी त्यांना नाहीच सांगणार होते. पण ते गेल्यावर मर्विन भांडी घासायला उभा राहिला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “लिओना, मला पडद्यावरची अक्षरं नीट दिसत नाहीत. दोन्ही डोळे चाललेत. वर्ष झालं.” वर्षभर तो अंदाजानं काम करत होता आणि मला पत्ता नाही. प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तेव्हा विकते. एकच अट. एखाद्या दफनभूमीच्या राखणदाराच्या शेजारी रडणारं कुटुंब उभं असतं आणि त्याला रांग सापडत नसते, तेव्हा त्याचा फोन इथल्या माणसानंच उचलायचा. हे तू मला स्वतःच्या हातानं लिहून दे. टाइप केलेलं चालणार नाही.

लिओना


टोरांटो
२ एप्रिल

लिओना,

सोबत कागद आहे. माझ्या हातचा, खाली सही. “ऑस्टरफेल्डचा फोन ऑस्टरफेल्डमध्येच उचलला जाईल.” जप.

साहेबांना चार आकड्यांची गोष्ट इतकी आवडली की त्यांनी घंटा दोनदा वाजवली. मर्विनच्या डोळ्यांचं वाईट वाटलं. इथे चांगले डॉक्टर आहेत, बघतो.

उन्हाळ्यात येतोच तिकडे. आईला सांग, माझं उत्तम चाललंय.

कॉर्नी


ऑस्टरफेल्ड
१४ सप्टेंबर

कॉर्नी,

उन्हाळा संपला. तू आला नाहीस. तुझ्याऐवजी पत्रं आली.

जूनमध्ये ‘सुसूत्रीकरण’ आलं. जुलैत एल्फ्रिडा आणि दोघी जणी नोकरीवरून घरी गेल्या. ऑगस्टमध्ये मर्विन. जाण्याआधी त्यानं दोन आठवडे बसून तुमच्या हॅलिफॅक्सच्या ऑफिसातल्या दोन पोरींना प्रोग्रॅम समजावला. त्यांना निम्मा कळला, तो म्हणतो, आणि तो निम्मा कुठला हे त्यांनाही माहीत नाही. मी ‘सल्लागार’. गळ्यात घालायला माझ्या फोटोचा बिल्ला आलाय. फोटोत मी मर्विनसारखी दिसते.

फोन आता हॅलिफॅक्सला वाजतो. तिथे म्हणे दफनभूम्या आणि बोटींचे धक्के एकाच खोलीत घातलेत, कारण दोन्हीकडे ओळीनं जागा असतात आणि जागांना नंबर असतात. परवा नॉर्थ डकोटाच्या राखणदार गुस्टाफसननं नवव्या रांगेतल्या एका जागेबद्दल विचारायला फोन केला. पलीकडच्या मुलीनं बघून सांगितलं, “तुमची जागा पंधरा ऑक्टोबरपर्यंतच आहे, त्यानंतर बोट पाण्याबाहेर काढावी लागेल.”

गुस्टाफसन म्हणाला, “बाई, ही बोट एकोणीसशे बासष्टपासून हललेली नाही.”

हसून झाल्यावर त्यानं माझ्या घरी फोन लावला. सगळेच लावतात. नाताळच्या कार्डावर माझा नंबर असतो. मी स्वयंपाकघरात बसून उत्तरं देते, एल्फ्रिडा येऊन बसते, मर्विन डोळे मिटून सांगतो आणि आम्ही लिहून घेतो. फुकट.

तुझ्या हातचा कागद माझ्या खणात आहे. त्याचं मी काय करू, तेवढं कळव.

लिओना


ब्रॅमविक सिस्टिम्स, टोरांटो
२७ सप्टेंबर १९९९

माननीय श्रीमती वीब,

आपले १४ तारखेचे पत्र मिळाले. एकत्रीकरणाच्या काळात काही तात्पुरत्या गैरसोयी संभवतात. तथापि, आपण खासगी दूरध्वनीवरून ग्राहकांना साहाय्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. हा करारातील कलम ११ चा भंग असून तो त्वरित थांबवावा, अन्यथा कंपनीस कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल.

आपला विश्वासू,
सी. जे. हार्म्स


ऑस्टरफेल्ड
२५ ऑक्टोबर

कॉर्नी,

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. फ्रीजवर लावलंय. येणारे जाणारे वाचतात. मावशीनंही वाचलं.

आज थट्टा करायला लिहीत नाहीये. गेल्या गुरुवारी केल्सो रिजमध्ये काय झालं ते ऐक.

केल्सो रिज म्हणजे सस्कॅचवानमधलं शंभर घरांचं गाव. तिथला राखणदार लॉईड. अनराऊ म्हातारी गेली म्हणून त्याला नवी जागा हवी होती. प्रोग्रॅमनं सांगितलं, रांग पाच, जागा तीन, रिकामी. लॉईडला शंका आली. त्यानं हॅलिफॅक्सला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर तेच, रिकामी. त्यानं खोदायला यंत्र लावलं.

हेन्री पॅनक्रॅट्झचं घर रस्त्यापलीकडेच आहे. चौऱ्याऐंशी वर्षांचा. आपल्या बायकोच्या रांगेत खणतायत हे त्याला खिडकीतून दिसलं आणि कॉफीचा कप हातात घेऊनच तो आला. तो पोचेपर्यंत यंत्राचं पातं लाकडावर आपटलं होतं. लॉईडनं यंत्र बंद केलं. हेन्रीनं आत वाकून बघितलं आणि म्हणाला, “ती पेटी माझी आहे. मी केलीय. कोपरे बघ.”

नेटी पॅनक्रॅट्झ, १९७१. ओकच्या लाकडाची पेटी, कोपऱ्याला एकही खिळा नाही. त्यानं ती स्वतःच्या सुतारखोलीत केली होती. लॉईड सांगताना फोनवर रडत होता. हेन्री मात्र रडला नाही म्हणे, नुसता मातीत कप ठेवून उभा राहिला.

मर्विननं लॉईडला पडद्यावरची ओळ न् ओळ वाचायला लावली. अर्ध्या तासात कारण सापडलं. बोटींच्या धक्क्याचा नियम आहे ना, तीन वर्षं ज्या जागेचं भाडं आलं नाही ती रिकामी समजावी? तोच तुम्ही आम्हाला लावला. मर्विन मला म्हणाला, “मेलेली माणसं भाडं भरत नाहीत, लिओना. त्यांनी एकदाच भरलेलं असतं.”

आता चारशे बारा ठिकाणी अशा किती रिकाम्या जागा असतील, सांग. जमीन गोठायला तीन आठवडे आहेत. गोठण्याआधी सगळे हिवाळ्यापुरत्या जागा खणून घेतात.

मी सगळ्यांना फोन करतेय, जुन्या वह्या बघितल्याशिवाय फावडं लावू नका म्हणून. करा खटला. कोर्टात मी नेटीची गोष्ट सांगेन.

तुला एकच विचारायचंय. तुला माहीत होतं का?

लिओना


टोरांटो
३ नोव्हेंबर

लिओना,

हो.

जूनमध्ये विमानतळावर माझ्यापुढे सहीला कागद आला. एकतीस नियम होते. त्या नियमापुढे हॅलिफॅक्सच्या कुठल्या तरी मुलीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे दफनभूमीला लागू होतं का?’ मी ते वाचलं. विचारत बसलो तर दोन आठवडे जाणार होते, आणि जूनअखेर आमचं सगळं मोजलं जातं. मी पेन्सिलीची ओळ खोडली आणि सही केली. विमान पकडलं.

अजून एक सांगतो, जे घरात कुणालाच ठाऊक नाही. ब्रँडन शहरात माझी शाळेच्या बसगाड्यांची कंपनी होती, आठवतं? तुम्हाला मी सांगितलं, टोरांटोहून मोठ्या जागेवर बोलावणं आलं. बोलावणं नव्हतं. ब्रॅमविकनं मला विकत घेतलं. माझी चौदा माणसं होती. पुढच्या नाताळापर्यंत एकही उरलं नाही. मला मात्र ठेवलं, कारण माझ्यासारख्या लोकांशी माझ्यासारखंच बोलणारा माणूस त्यांना हवा होता. बावीस कंपन्यांना मी तेच सांगितलं, नाव तेच, माणसं तीच, फोन तोच. तुला सांगताना वाक्य पाठ होतं. तुझ्या कागदावर मी खरं लिहितोय असं लिहिताना मला वाटलं होतं, एवढं मात्र खरं. त्याला काही किंमत नाही, हे मला कळतं.

आता नीट वाच. प्रत्येक दफनभूमीच्या करारात कलम २२ आहे. नोंदी त्यांच्या मालकीच्या. त्यांनी लेखी मागितल्या तर कंपनीनं तीस दिवसांत संपूर्ण, छापून, कागदावर द्यायच्या. आजवर कुणी मागितल्या नाहीत, कारण आजवर ते कलम कुणी वाचलं नाही. मिसळण्याआधीच्या नोंदींची एक प्रत इथे तिजोरीत आहे. ती शुद्ध आहे. त्यांनी ‘३१ मे पर्यंतच्या’ मागितल्या तर तीच छापावी लागेल.

सगळ्यांना मागू दे. एकाच आठवड्यात.

कॉर्नी


टोरांटो
१७ डिसेंबर

लिओना,

तीनशे अठ्ठ्याऐंशी पत्रं आली. टपालखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काही पेन्सिलीनं लिहिलेली, एक खताच्या पिशवीच्या कागदावर, एकात वाळलेली जांभळी फुलं. मिनेसोटाच्या एका चर्चनं सोबत प्रार्थनाच जोडली होती. वकिलांनी ती कराराचा मसुदा समजून दोन दिवस वाचली.

छपाईयंत्रं तीन आठवडे दुसरं काही छापत नाहीत. साडेआठ लाख नावं. गाईंची बिलं अडली, बोटींची अडली. टली साहेब स्वतः खाली आले, कागदाच्या ढिगाकडे बघून म्हणाले, “ही मेलेली माणसं फार जागा अडवतायत. विकून टाका.”

मग खरी पंचाईत झाली. तुम्हालाच परत विकायचं ठरलं, पण विकायचं कसं, हे इथे कुणालाच येत नाही. बासष्ट कंपन्या घेतल्या, दिली एकही नाही. विकण्याचा अर्जच नाही. शेवटी खरेदीचाच अर्ज काढला आणि दोन्ही नावांवर खाडाखोड केली. हिशेबखात्यातला एक जण मला हळूच विचारून गेला, केक मागवायचा का.

सह्या झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. “कलम बावीस त्यांना कुणी सांगितलं?” मी हात वर केला. शाळेत करतात तसा. ते म्हणाले, “हार्म्स, तुझ्यावर मी केवढा खर्च केलाय.” दुपारच्या जेवणाआधी माझं टेबल रिकामं झालं. माझे शेअर्स गेले, गाडी त्यांचीच होती. मी घरी चालत आलो.

आईला अजून सांगितलेलं नाही.

कॉर्नी


ऑस्टरफेल्ड
१० जानेवारी २०००

कॉर्नी,

दोन हजार साल उजाडलं. कुठे काही कोसळलं नाही. मर्विन थोडा हिरमुसला.

चर्चच्या तळघरात बैठक झाली. प्लॉटबुक आता चारशे बारा दफनभूम्यांच्या सहकारी संस्थेचं आहे, प्रत्येकाला एक मत. गव्हाची कोठारं, पेट्रोल पंप आपले लोक असेच चालवतात, तर मयतं का नाही. एल्फ्रिडा मर्विनशेजारी बसून शिकतेय. तो बोलतो, ती टाइप करते, दोघं भांडतात. चाललंय.

जुन्या छापील नोंदी ताडून बघितल्या. ज्या नोंदींत देखभालीच्या पैशांचा रकाना होता तेवढ्याच त्या नियमात सापडल्या, तरी अकराशे त्रेसष्ट जागा रिकाम्या ठरवल्या होत्या. त्यातल्या अकरा पुन्हा विकल्या गेल्या होत्या. खणली गेली फक्त नेटीची.

मावशीला मी सांगितलं, सगळं. ती विणत होती. म्हणाली, “ब्रँडनचं मला सात वर्षांपासून माहीत आहे. तो कधी बोलतो तेवढंच बघत होते.” आणि तुझ्यासाठी मोज्यांचं माप विचारलं.

मी तुला माफ केलं असं लिहावं, अशी तिची इच्छा होती. मला ते अजून जमत नाही. पण माणूस हवाय. या अकराशे त्रेसष्ट जागी कुणीतरी यादी घेऊन जायला हवं, बर्फ वितळल्यावर. दगडावरचं नाव वाचायचं, टेप लावून माप घ्यायचं, खूण करायची. पगार तुला ऐकवणार नाही, तू हसशील. एबचा जुना ट्रक आहे, हीटर फक्त डाव्या पायाला लागतो.

सुरुवात केल्सो रिजपासून करायची. आणि तिथे लॉईडकडे आधी जायचं नाही. रस्त्यापलीकडच्या घरी जायचं.

लिओना


केल्सो रिज, सस्कॅचवान
६ मे

लिओना,

काल पोचलो. मोटेलमध्ये टेबल नाही, म्हणून हे ट्रकच्या बॉनेटवर लिहितोय.

तू सांगितलंस तसं केलं. दारावर टकटक करण्याआधी मी पायरीवर बराच वेळ उभा होतो. टोरांटोत रात्रंदिवस लोकांची मनं वळवली, पण तिथे मला पहिलं वाक्य सुचेना. हेन्रीनंच दार उघडलं. म्हणाला, “तू खिडकीतून दिसतोयस मला. काय विकायचंय?”

मी म्हटलं, “काही नाही. मी कॉर्नी हार्म्स. तुमच्या बायकोची जागा रिकामी आहे असं यंत्रानं सांगितलं, तो नियम मी सही केलेला.”

मी पुढे सांगितलं, पेन्सिलीच्या ओळीचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही.

“वाचली होतीस ती ओळ?” त्यानं विचारलं.

“वाचली होती.”

“आणि खोडलीस.”

“हो.”

तो आत गेला. मला वाटलं, झालं, दार लावून घेईल आता. तो टोपी आणि कोट घालून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडून चालू लागला. मी मागोमाग गेलो. लॉईडनं माती परत बसवून गवत लावलंय, पण हिरव्या रंगात फरक दिसतो. दगडही थोडा कललाय. हेन्री त्याच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, “त्या दिवसापासून मला झोपेत ते पातं ऐकू येतं. तुझ्या इथं येण्यानं ते थांबणार नाही.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

“बरं,” तो म्हणाला, “माप घ्यायला आलायस ना?”

मी टेप काढली. दोनदा ती सुटून परत गुंडाळली गेली. तिसऱ्यांदा त्यानं ती माझ्या हातातून घेतली, गुडघ्यावर बसला, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि टेपचं टोक नेटीच्या दगडाच्या कोपऱ्याशी अंगठ्यानं दाबून धरलं.

“मी इकडून धरतो,” तो म्हणाला. “तू जा तिकडे. आणि नीट वाच.”

रांग पाच, जागा तीन. आठ फूट, बरोबर. लिहून घे.

कॉर्नी